तुम्ही विचारलंत म्हणून

प्रिय डॉक्टर,

हे पत्र पाकिटात घालून तुमच्या टेबलावर ठेवता आलं असतं. पण लघवी सुटण्याच्या ज्या त्रासाबद्दल बायका सख्ख्या बहिणीशीही बोलत नाहीत, त्यातून सुटल्याचे आभारही गुपचूप मानायचे हे मला पटेना. म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

मी तुमच्याकडे गुडघ्यासाठी येत होते. एके दिवशी तुम्ही पायरीवर चढ-उतर करायला सांगितलंत आणि मी मध्येच मांड्या आवळून उभी राहिले. गुडघा दुखतोय, असं मी म्हटलं. तुम्ही पडदा ओढलात आणि आवाज खाली आणून, पण अगदी सरळ विचारलंत, "काकू, शिंकताना, हसताना, चढताना लघवी सुटते का?" इतक्या वर्षांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं. पूर्वी एका दवाखान्यात मी स्वतःच धीर करून विषय काढला होता, तेव्हा "वय झालं की व्हायचंच" एवढंच उत्तर मिळालं आणि कागदावर सांधेदुखीची गोळी लिहिली गेली. माझ्या आईलाही हेच होतं. तिने आयुष्यभर जाड परकर वापरले आणि लग्नकार्यात कोपऱ्यातली खुर्ची धरली. बाईच्या जन्माला आलो म्हणजे हे असणारच, असं आम्ही दोघी धरून चाललो होतो.

माझं रोजचं जगणं या एका गोष्टीभोवती फिरायला लागलं होतं. बोरिवलीहून चर्चगेटला फास्ट गाडीनेही पाऊण-एक तास लागतो आणि लोकलच्या डब्यात स्वच्छतागृह नसतं. म्हणून सकाळी चहाशिवाय काही घ्यायचं नाही, ऑफिसात पोचेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये थांबली की पोटात गोळा यायचा. पर्समध्ये पॅड आणि एक जादा सलवार कायम. फिकट रंगाच्या साड्या मी बहिणीला देऊन टाकल्या. पूजेला बसताना मनात सतत धाकधूक, आपण स्वच्छ आहोत ना? सगळ्यांत वाईट वाटलं ते मंगळागौरीचं. आमच्या सोसायटीतल्या बायकांचा खेळांचा ग्रुप आहे. श्रावणात झिम्मा, पिंगा, फुगड्या, नुसता दंगा असतो. फुगडीला दोन उड्या मारल्या आणि मला बाथरूमकडे धावावं लागलं. त्यानंतर गुडघ्याचं निमित्त सांगून मी ग्रुप सोडला. नवऱ्याला खरं कारण ठाऊक नव्हतं. मुलीलाही नाही.

आणि तुम्ही हे सगळं ऐकून घेतलंत, मध्ये न तोडता. मग साध्या कागदावर चित्र काढून दाखवलंत: पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत झोळीसारखे ताणलेले स्नायू, त्यांच्यावर मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय. बाळंतपणात ते ताणले जातात. माझ्या धाकट्याच्या वेळी तर बाळ बाहेर काढायला चिमटा लावावा लागला होता. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होतं, मूत्रमार्गाजवळचं आवरण पातळ होतं. त्यात वाढलेलं वजन, जुना खोकला, बद्धकोष्ठता, पाण्याच्या भरलेल्या कळश्या उचलणं. शिंकेसरशी सुटणं हा एक प्रकार, अचानक जोराची घाई होऊन पोचेपर्यंत न थांबणं हा दुसरा, आणि मला दोन्ही. त्या कागदाची घडी अजून माझ्या कपाटात आहे. माझ्या शरीराबद्दल मला कुणी एवढं शांतपणे समजावून सांगितलं नव्हतं, दोन बाळंतपणांतसुद्धा नाही.

उपचाराआधी तुम्ही लघवी आणि साखर तपासून घेतलीत. जंतुसंसर्ग असेल तर आधी तो बरा करायचा, आणि लघवीत रक्त दिसलं तर व्यायामाची वाट न बघता थेट तज्ज्ञ डॉक्टरांकडे जायचं, हे बजावून सांगितलंत. मग तीन दिवसांची वही. किती वाजता गेले, किती झाली, काय प्यायले, कधी सुटली. मापाच्या भांड्यात मोजायची मला आधी किळस आली. पण त्या वहीनेच खरं काय ते दाखवलं. साधारण चारशे-पाचशे मिलिलिटर मावेल अशी मूत्राशयाची पिशवी, आणि मी शंभर झाली की धावत होते. घरून निघण्याआधी, स्टेशनवर, ऑफिसात शिरल्याबरोबर, केवळ पुढे सोय मिळणार नाही या धास्तीने. पाणी तोडल्याने लघवी गडद होते, ती मूत्राशयाला डिवचते आणि घाई उलट वाढते, हेही तेव्हाच कळलं. तुम्ही पाणी वाढवायला सांगितलंत, चहा कमी करायला सांगितलात आणि घाई झाली की जागच्या जागी थांबून, स्नायू आवळून, आधी पाचच मिनिटं पुढे ढकलायला शिकवलंत. तेवढी पाच मिनिटं काढताना मला घाम फुटत असे.

आवळायच्या व्यायामाला केगल म्हणतात आणि ते अमेरिकेतल्या एका स्त्रीरोगतज्ज्ञाचं आडनाव आहे, त्याने १९४८ साली याबद्दल लिहिलं, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मला राग आला होता. एवढी वर्षं हे माहीत आहे आणि ते आमच्या आयांपर्यंत कुणी पोचवलं नाही! हा राग माझा अजून गेलेला नाही. बऱ्याच जणी पोट नाहीतर मांड्या आवळतात आणि श्वास रोखून धरतात, म्हणून माझी परवानगी घेऊन, हातमोजा घालून तुम्ही तपासलंत आणि नेमका कुठला स्नायू ते मला कळेपर्यंत घाई केली नाहीत. आठ वेळा आवळायचं, काही सेकंद धरायचं, तितकंच पूर्ण सैल सोडायचं, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. लघवी करताना मध्येच धार रोखून व्यायाम करायचा नाही. शिंक येते आहे असं वाटलं की आधी आवळायचं, मग शिंकायचं. एवढीशी युक्ती, पण मला पहिला दिलासा तिनेच दिला.

माझ्या मुलीने ऑपरेशनबद्दल कुठेतरी वाचून घाबरून विचारलं, तेव्हा तुम्ही तिलाही उडवून लावलं नाहीत. मूत्रमार्गाला आधार देणारी पट्टी बसवतात, अनेकींना तिचा फायदा होतो, पण जाळीच्या पट्टीमुळे काहींना गंभीर त्रास झाला म्हणून ब्रिटनमध्ये २०१८ साली ती थांबवली गेली, तेव्हा आधी व्यायाम, औषध, आणि शस्त्रक्रियेचा निर्णय तज्ज्ञांशी बोलून, असं तुम्ही तिला समजावलंत. घाईवरच्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडू शकतं, हेही आधीच सांगितलंत. आणि मला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे चिठ्ठी देऊन पाठवलंत. त्यांनी दिलेल्या इस्ट्रोजेनच्या क्रीमनेही फरक पडला.

आज मी पूर्ण बरी आहे असं म्हणणार नाही. जोराची सर्दी झाली की अजून पॅड लावते. पण पाण्याची बाटली घेऊन गाडीत बसते आणि चर्चगेटपर्यंत दारावर लिहिलेली स्टेशनांची नावं मोजत नाही. नवऱ्याला सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "एवढी वर्षं एकटीने का सोसलंस?" यंदा मंगळागौरीला मी पुन्हा फुगडी घातली.

२०११ पासून या शहरात ‘राइट टू पी’ (लघवीला जाण्याचा हक्क) म्हणून बायकांची चळवळ आहे. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून पैसे, हा भेद त्यांनी लोकांपुढे आणला. त्यांचेही मी आभार मानते, कारण नुसत्या स्नायूंनी भागत नाही, स्टेशनाबाहेर स्वच्छ, कुलूप नसलेलं, दिवा असलेलं स्वच्छतागृहही लागतं.

आता एक विनंती. माझी वहिनी लालबागला चाळीत राहते. रात्री तिला चार-पाचदा उठावं लागतं, संडास गॅलरीच्या टोकाला आहे आणि तिथवर तिचा धीर टिकत नाही. तिला मधुमेह आहे, त्यामुळे हे सगळं साखरेचंच, त्याला इलाज नाही, असं ती म्हणते. परवा ओल्या लादीवर घसरून पडता पडता वाचली. सोमवारी कंबरदुखीच्या नावाखाली मी तिला तुमच्याकडे घेऊन येते. ती आपणहून बोलणार नाही, तिला तुम्हीच विचारा. आणि विचारायच्या आधी मला बाहेर बसायला सांगा. नणंदेसमोर ती तोंड उघडायची नाही.

तुमची,
बोरिवलीच्या काकू