बाईंच्या मदतनीस मावशींना, उघड पत्र

प्रिय मावशी,

सा. न. वि. वि.

हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवेल. चारचौघांसमोर लिहितोय, कारण आजीच्या, म्हणजे तुमच्या बालवाडीच्या बाईंच्या, एकाही प्रशस्तिपत्रकावर, एकाही फोटोखाली तुमचं नाव नाही. इथंही घालत नाही, तुम्हीच नको म्हणालात.

आजीच्या तेराव्याला तुम्ही डहाणूहून नाशिकला एसटीने एकट्या आलात. जेवणं उरकल्यावर नातेवाईक बोलत होते ते नेहमीचंच: प्रेमळ, कष्टाळू, शिस्तीची. आम्हा नातवंडांना शिस्त तेवढी पक्की ठाऊक होती. सुट्टीत तिच्याकडे गेलं की आधी दोन्ही हात पुढे करायचे. नखं वाढलेली दिसली की ती कापल्याशिवाय पाण्याचा तांब्यासुद्धा मिळायचा नाही. माझी बायको लग्नानंतर पहिल्यांदा पाया पडायला वाकली, तेव्हा आशीर्वादाआधी तिचेही हात उलटेपालटे करून झाले होते! ही सवय कुठली, ते त्या दुपारी तुमच्याकडून कळलं.

ताराबाई मोडकांनी १९४५ साली डहाणूजवळच्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, १९५७ मध्ये ते काम कोसबादच्या टेकडीवर गेलं, एवढं आम्ही वाचलं होतं. आजी तिथेच शिकून बालवाडीची बाई झाली, हेही माहीत होतं. पण पोरं येत नाहीत तर बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात न्यायची, म्हणजे रोज सकाळी उठून नेमकं काय करायचं? विहिरीचं पाणी तुम्ही शेंदायचं, पोरं आजीने धरायची. डोक्याला रिठा, खरजेच्या अंगाला कडुनिंबाच्या पाल्याचं पाणी, मग फणी, मग नखं. एकेक बोट मोजत नखं कापायची, की दहापर्यंतचे आकडे पाठ. रडणाऱ्याला गाणं म्हणायला लावायचं, कारण गाताना भोकाड पसरता येत नाही. (हा उपाय मी परवा लेकीवर करून पाहिला. चालतो.) सरकारी योजनेतल्या अंगणवाड्या १९७५ नंतरच्या, ते नाव त्याआधी याच भागातल्या अंगणांत रुळलं होतं.

कडेवर भावंड घेऊन दाराशी घुटमळणाऱ्या त्या मुलीचं तुम्ही सांगितलंत. आईबाप गवत कापायला गेलेले, कडेवरचं पोर ठेवणार कुठे? कोसबादला शाळेला लागूनच पाळणाघर होतं, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा होती, त्या असल्याच अडचणींतून निघालेल्या. पाड्यावर मात्र पाळणाघर म्हणजे तुमची मांडी. आजीने पोर तुमच्या मांडीवर दिलं आणि मुलीला रांगेत बसवलं. ती पुढे नर्स झाली, हे सांगताना तुम्ही सगळं श्रेय बाईंना देऊन मोकळ्या झालात. मला विचाराल तर निम्मं तुमचं.

आणि ती पत्र्याची पेटी. मोडीत द्यायची की माळ्यावर टाकायची, यावर घरात खल चालला होता. तुम्ही फतकल मारून बसलात आणि एकेक डबा उघडत गेलात. माँटेसरी पद्धतीची लाकडी साधनं परवडायची नाहीत, म्हणून लहानमोठे लावायला बोर्डीच्या किनाऱ्यावरचे शिंपले, मोजायला चिंचोके, हातात खेळवायला सागरगोटे, नक्षी मांडायला नदीतले गोटे. एवढ्या लालचुटुक गुंजा, त्या कशा नाहीत, असं मी विचारलं. "बाई ठेवूच द्यायच्या नाहीत," तुम्ही म्हणालात, "विषारी असतात. पोर आधी तोंडात घालतं, मग मोजतं."

दिवाळीनंतर माणसं वीटभट्टीवर निघाली की अंगण ओस पडायचं. निघालेल्या पोराला आजी चिंचोक्यांची पुरचुंडी द्यायची आणि पावसाळ्याच्या तोंडाला ते परत आलं की त्याच्याकडूनच चिंचोके मोजून घ्यायची. एखादा कमी भरला तर रागवायची नाही, किती कमी ते सांगायला लावायची. आमच्या हिशेबाच्या वह्या तपासताना ती एवढी दिलदार कधीच नव्हती, हेही इथे नोंदवून ठेवतो.

आमची आजी आम्हाला होतीच, मावशी. तुमच्यामुळे त्या दुपारी आम्हाला बाई भेटल्या. फार आभार.

पेटी तुमच्याकडे द्यायची असं आईने ठरवलंय. तुमच्या सुनेच्या अंगणवाडीत ती वापरात राहील. मे महिन्यात घेऊन येतो. तळाशी एक डबा राहून गेला होता, तो तुम्ही गेल्यावर सापडला. त्यात काळ्या दोऱ्याचे तुकडे आहेत, सगळे वेगवेगळ्या लांबीचे, प्रत्येकाला गाठी मारलेल्या. आई म्हणते पोरांची उंची मोजायला असतील, मला पटत नाही. आल्यावर सांगा.

तुमचा,
बाईंचा धाकटा नातू