मार्कर नॉर्मल, पण लिव्हरमधला डाग?

महोदय,

अंडकोषाचा कर्करोग लिव्हरपर्यंत गेल्याचं कळलं की 'आता घरी न्या' म्हणणारे नातेवाईक भेटतात. केमो संपून मार्कर (गाठीमुळे रक्तात वाढणारे पदार्थ) खाली आले की तेच 'चला, सुटलो' म्हणतात. चूक दोन्हीकडे आहे. दुसरी जास्त महागात पडते, म्हणून हे पत्र.

पहिलीबद्दल थोडक्यात. या कर्करोगाचे सेमिनोमा आणि नॉनसेमिनोमा असे दोन मुख्य प्रकार. त्यातला नॉनसेमिनोमा यकृतात, हाडांत किंवा मेंदूत गेला की १९९७ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार तो सर्वांत जोखमीच्या गटात मोडतो. तरी सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधामुळे या गटातलेही निम्मे किंवा त्याहून अधिक रुग्ण पाच वर्षं पार करतात. केमो आधी, यकृताला हात नंतर. बीईपीच्या (ब्लिओमायसिन, इटोपोसाइड, सिस्प्लॅटिन या तीन औषधांच्या) चार सायकल, दर २१ दिवसांनी. सायकलच्या पहिल्या पाच दिवसांत सिस्प्लॅटिन आणि इटोपोसाइड, शिवाय दर आठवड्याला ब्लिओमायसिन ३० युनिट. 'गणपतीला गावी जाऊन येतो, मग घेऊ' हे इथे चालत नाही. तारीख पुढे ढकलली की गाठीला सावरायला वेळ मिळतो. (मूल हवं असेल तर वीर्य पहिल्या केमोआधीच साठवायचं. हे सांगायचं बरेचदा राहून जातं.)

आता मुद्दा. चौथ्या सायकलनंतर एएफपी आणि बीटा एचसीजी हे मार्कर नॉर्मल आले, पण सीटीत यकृतात दोन सेंटिमीटरचा डाग उरला. त्यात मेलेल्या पेशी असू शकतात, टेराटोमा (याच गाठीतला, निरनिराळ्या ऊतींचा बनलेला भाग) असू शकतो किंवा जिवंत कर्करोग. टेराटोमा मार्कर वाढवतोच असं नाही, केमोला दाद देत नाही, आणि पेट स्कॅनमध्ये मृत पेशींपासून वेगळा ओळखूही येत नाही. तो सावकाश वाढतो आणि काही वर्षांनी वेगळ्याच, हट्टी कर्करोगाचं रूप घेऊ शकतो. म्हणून काढता येण्याजोगा डाग साधारण चार ते सहा आठवड्यांत, रक्तपेशी सावरल्या की, काढतात. मात्र यकृतात बहुतेकदा मृत पेशीच निघतात. पोटामागच्या लसिकाग्रंथींतही तेच निघालं आणि यकृतातला डाग अवघड जागी असेल, तर मोठी शस्त्रक्रिया टाळून लक्ष ठेवणंही शहाणपणाचं ठरतं. सेमिनोमाचे नियम निराळे आहेत.

ऑपरेशन टेबलावर सर्जन सोनोग्राफीचा प्रोब थेट यकृतावर फिरवतो, कारण सीटीत न दिसलेला डाग इथे सापडतो. यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांभोवती टेप घालून प्रवाह १५ मिनिटं अडवायचा, ५ मिनिटं सोडायचा, पुन्हा अडवायचा. नर्स घड्याळ बघून मिनिटं मोठ्याने सांगते. केमोने थकलेलं यकृत किमान ३० टक्के उरायला हवं. कापलेल्या गाठीत पिवळट, चिकट लगदा दिसला तर बहुधा मृत पेशी. पातळ भिंतींच्या, बुळबुळीत द्रवाने भरलेल्या पिशव्या दिसल्या तर टेराटोमा. अंतिम शब्द पॅथॉलॉजीचा. टेराटोमा पूर्ण निघाला तर पुन्हा केमो नको. जिवंत कर्करोग निघाला तर मात्र आणखी दोन सायकलचा विचार होतो.

बिघडतं ते रक्तस्रावाने, पित्तगळतीने किंवा उरलेलं यकृत अपुरं पडल्याने. तिसऱ्या दिवशी ड्रेनमधलं (पोटात ठेवलेल्या नळीतलं) बिलिरुबिन, म्हणजे पित्तातलं रंगद्रव्य, रक्तातल्याच्या तिप्पट किंवा जास्त आलं की पित्त गळतंय. हे बहुतेक वेळा ड्रेन जागेवर ठेवून भरून येतं.

सर्वांत टाळता येण्याजोगा घोटाळा मात्र भुलेचा. चार सायकलनंतर ब्लिओमायसिनचा एकूण डोस ३६० युनिटपर्यंत जातो आणि फुप्फुसं नाजूक होतात. म्हणून भूलतज्ज्ञ ऑक्सिजन लागेल तेवढाच देतो आणि सलाईनचा मारा टाळतो. पण त्याला हे कळलं तर! केमो एका दवाखान्यात, ऑपरेशन दुसऱ्या, आणि डिस्चार्ज कार्डावर नुसतं 'केमो ४ सायकल'. दुसरं मत हवं असेल तर टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक हे कर्करोग केंद्र हार्बर लाइनवरच्या खारघरला आहे, पण तिथेही हाच कागद पुढे ठेवला जाणार. ठाणे, नवी मुंबईतल्या केमो केंद्रांनी कार्डावर ब्लिओमायसिनच्या एकूण युनिटांचा आणि शेवटच्या डोसच्या तारखेचा वेगळा रकाना छापावा, एवढीच मागणी आहे.

दोन कर्करोग शल्यचिकित्सक, ठाणे
(नावं छापू नयेत)