हेवीवेटचा सर्वश्रेष्ठ जगज्जेता: माझे मत जो लुईसला

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

हेवीवेट (सर्वांत जड वजनगट) मुष्टियुद्धाचा सर्वश्रेष्ठ जगज्जेता कोण, यावर आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांत गेले काही आठवडे चाललेला वाद मी आवडीने वाचत आहे. निपाणीच्या एका वाचकाने मोहम्मद अलीचे नाव घेतले, त्याला खानापूरच्या सद्गृहस्थांनी रॉकी मार्सियानोच्या ४९ लढती व ४९ विजयांचा हिशेब मांडून उत्तर दिले, आणि परवा एका तरुण पत्रलेखकाने माइक टायसनची बाजू अशा आवेशाने मांडली की १९९० साली टोकियोत बस्टर डग्लसने त्याला पाडलेच नसावे. या सगळ्यात अमेरिकेच्या जो लुईसचे नाव एकदाच आले, आणि तेही मार्सियानोने हरवलेला एक म्हातारा गडी म्हणून. ते खटकले म्हणून हे पत्र लिहीत आहे.

कुस्तीच्या मैदानाशेजारी वाढलेल्या बेळगावकराला हा वाद मुळीच नवा नाही. लहानपणी वडिलांबरोबर मी आनंदवाडीच्या आखाड्यात जात असे. शेजारी बसलेले कोणी एखाद्या पैलवानाने किती कुस्त्या मारल्या हे सांगू लागले, की वडील तंबाखू मळता मळता दोनच प्रश्न विचारत: जोड कोण होता, आणि नाव झाल्यावर किती वेळा मातीत उतरला? नारळावरच्या शंभर कुस्त्या मारून पैलवान ठरत नाही, हा पहिल्या प्रश्नाचा अर्थ होता. दुसरा प्रश्न अधिक बोचरा होता, कारण एकदा नाव झाले की ते राखण्यासाठी तोलामोलाची जोड टाळणारे, दुखापतीचे निमित्त सांगून फेटा बांधून पाहुण्यांच्या खुर्चीत बसणारे पैलवान आपण सर्वांनीच पाहिले आहेत. चालू वादात हे दोन्ही प्रश्न कोणी विचारलेले नाहीत. शिवाय वाद ‘जगज्जेता’ कोण थोर याचा आहे. गडी कोण देखणा लढला हा वेगळा विषय आहे.

लुईसने २२ जून १९३७ रोजी शिकागोत जेम्स ब्रॅडॉकला आठव्या फेरीत नॉकआउट करून पद मिळवले आणि मार्च १९४९ मध्ये निवृत्त होताना आपण होऊन ते सोडले. मधली अकरा वर्षे आठ महिने ते कोणालाही त्याच्याकडून हिसकावता आले नाही. या काळात त्याने ते २५ वेळा पणाला लावले आणि २५ही वेळा राखले. हेवीवेटमध्ये हा विक्रम आजही अबाधित आहे. त्यातही मार्च १९४२ ते जून १९४६ अशी चार वर्षांहून अधिक काळ पदासाठी एकही लढत झाली नाही, कारण त्यातला बहुतेक काळ तो अमेरिकेच्या सैन्यात होता. व्हिएतनाम युद्धावर जाण्यास नकार दिल्यामुळे अलीची साडेतीन वर्षे वाया गेली हे प्रत्येक जण सांगतो आणि ते खरेही आहे, पण लुईसच्या या चार वर्षांची आठवण कोणालाच कशी होत नाही, याचे मला नवल वाटते.

तेव्हा पद एकच होते, हेही ध्यानात घ्यावे. आज चार संघटनांचे चार पट्टे आहेत आणि चौघे चार दिशांना जगज्जेते म्हणून मिरवू शकतात. मे २०२४ मध्ये युक्रेनच्या उसिकने टायसन फ्युरीला हरवून चारही पट्टे एकत्र केले, तेव्हा हेवीवेटमध्ये असे प्रथमच घडले. महाराष्ट्र केसरीच्या एकाच मोसमात दोन-दोन गदा दिल्या गेलेल्या पाहिल्यावर हा घोळ आपल्याला वेगळा समजावून सांगायला नको. म्हणूनच या अनेक पट्ट्यांच्या काळातला जगज्जेता व्लादिमिर क्लिच्को याच्याविषयी आदर बाळगूनही त्याच्या बचावांची (पद राखलेल्या लढतींची) संख्या मी लुईसच्या पारड्याशेजारी ठेवत नाही.

आता जोड. लुईसवर नेहमीचा आक्षेप असा की त्याने ‘दर महिन्याला एक भिकार गडी’ लोळवला. अमेरिकन पत्रकारांनी चिकटवलेले हे विशेषण डिसेंबर १९४० ते जून १९४१ या सात महिन्यांतील सात लढतींपुरते आहे, आणि त्यातले काही प्रतिस्पर्धी सामान्य होते हे कबूल केलेच पाहिजे. पण जगज्जेता दर महिन्याला रिंगमध्ये उतरतो यातच वडिलांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. त्या सातांतला शेवटचा बिली कॉन होता, आणि त्याला भिकार म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. वजनाने लुईसपेक्षा बराच हलका असलेल्या या चपळ गड्याने बाराव्या फेरीअखेर तीनपैकी दोन पंचांच्या कागदावर आघाडी घेतली होती. तेराव्या फेरीत गुण सांभाळण्याऐवजी तो निकाली लढायला गेला आणि फेरी संपायला दोन सेकंद उरले असताना नॉकआउट झाला. याखेरीज प्रिमो कार्नेरा, मॅक्स बेअर, जॅक शार्की, ब्रॅडॉक आणि मॅक्स श्मेलिंग या पाच आजी-माजी जगज्जेत्यांना, तसेच पुढे जगज्जेता झालेल्या जर्सी जो वॉलकॉटला लुईसने नॉकआउट केले. वॉलकॉटबरोबरच्या १९४७ च्या पहिल्या लढतीत लुईस दोनदा खाली पडला होता आणि गुणांवर मिळालेला तो विजय अनेकांना पटला नाही, हेही मी लपवत नाही. सहा महिन्यांनी त्याने त्याच वॉलकॉटला पुन्हा समोर घेतले आणि अकराव्या फेरीत निकाल लावला.

श्मेलिंगविषयी थोडे सविस्तर लिहिण्याची परवानगी द्यावी. १९३६ साली, लुईस अजून जगज्जेता झाला नव्हता तेव्हा, श्मेलिंगने त्याला बाराव्या फेरीत नॉकआउट केले होते. डाव्या हाताचा जॅब (सरळ, झटपट ठोसा) मारून हात मागे घेताना लुईस तो खाली आणतो आणि क्षणभर त्याचा गाल उघडा पडतो, ही एकच खोड जर्मन गड्याने आधी हेरून ठेवली होती; त्या फटीतून त्याचा उजवा ठोसा रात्रभर बसत राहिला. पद मिळाल्यावरही श्मेलिंगला हरवेपर्यंत मला जगज्जेता म्हणू नका, अशी लुईसची भूमिका होती. पद मिळवल्याला बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी, २२ जून १९३८ रोजी, न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये सत्तर हजारांवर प्रेक्षकांसमोर दोघे पुन्हा उभे राहिले. हिटलरच्या राजवटीने श्मेलिंगला आपले निशाण करून टाकले होते, जरी तो स्वतः नाझी पक्षाचा सदस्य नव्हता.

त्या लढतीचे चित्रण मी नातवाच्या मोबाइलवर इतक्या वेळा पाहिले आहे की तो आता मागितल्यावर तोंड वाकडे करतो. लुईस नाचत नाही; पाय जमिनीला घासत तो पुढे सरकतो आणि हात जेमतेम वीतभर फिरतो. दोरांना टेकलेला श्मेलिंग वळतो न वळतो तोच एक उजवा ठोसा त्याच्या बरगडीमागे बसतो. या ठोशाने त्याच्या मणक्याला दुखापत झाली. तीनदा तो खाली गेला, त्याच्या कोपऱ्यातून हार मानल्याची खूण म्हणून टॉवेल आत आला, आणि पंचाने लढत थांबवली तेव्हा २ मिनिटे ४ सेकंद झाली होती. हरवणाऱ्यालाच पुन्हा बोलावून, जुनी खोड मोडून, एका फेरीच्या आत हिशेब चुकता करणे याला आमच्या आखाड्यात ‘उतारा’ म्हणत.

हे पद लुईसला मिळाले तेव्हा ते बंद दारामागे होते, याचाही विचार व्हावा. पहिला कृष्णवर्णीय जगज्जेता जॅक जॉन्सन १९१५ मध्ये हरल्यानंतर बावीस वर्षे एकाही कृष्णवर्णीय गड्याला पदासाठी लढू दिले गेले नव्हते.

अलीविषयी लिहिताना हात थोडा थबकतो. १९७४ साली त्याने किन्शासात जॉर्ज फोरमनला आठव्या फेरीत पाडले, त्यानंतर शहापुरातल्या आमच्या न्हाव्याने वर्तमानपत्रातले त्याचे छायाचित्र कापून आरशाच्या कडेला लावले होते आणि ते पिवळे पडून गळेपर्यंत तिथेच होते. लिस्टन, फ्रेझियर, फोरमन, नॉर्टन अशी जोड लुईसलाही मिळाली नाही, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. वडिलांच्या पहिल्या प्रश्नावर अली जिंकतो. पण दुसऱ्या प्रश्नावर जगज्जेतेपदाच्या दोन कारकिर्दी मिळून त्याचे बचाव १९ भरतात, १९७६ मधले जिमी यंग व नॉर्टन यांच्यावरचे गुणांचे विजय आजही वादग्रस्त आहेत, आणि फेब्रुवारी १९७८ मध्ये त्याने पद गमावले ते अवघी आठवी व्यावसायिक लढत खेळणाऱ्या लिऑन स्पिंक्सकडे. तीनदा पद जिंकणे हा त्याचा मोठा पराक्रमच, पण दोनदा ते त्याच्या हातून गेल्याशिवाय तीनदा जिंकता येत नाही; त्यातले एकदा ते अन्यायाने काढून घेतले गेले, हे खरे. युद्धावर जाण्यास १९६७ मध्ये त्याने दिलेला नकार मला अतिशय मोठा वाटतो, तरी तो रिंगच्या खात्यावर जमा करता येत नाही. तसा करायचा ठरल्यास, १९४२ मध्ये दोन लढतींचे आपले मानधन सैनिक-कल्याण निधींना देऊन टाकणाऱ्या आणि पुढे कराच्या थकबाकीखाली पिचून गेलेल्या लुईसचेही खाते उघडावे लागेल.

टायसनबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. विसाव्या वर्षी तो सर्वांत तरुण हेवीवेट जगज्जेता झाला आणि चोविसाव्या वर्षाच्या आत पद गमावून बसला. जागेपणी प्रतिकार करणाऱ्या गड्यासमोर त्याचे काय होते ते डग्लसने दाखवले.

राहिले खानापूरच्या सद्गृहस्थांचे मार्सियानो. ४९ विजय आणि एकही पराभव नाही, त्यापैकी ४३ नॉकआउट, हे आकडे निर्विवाद आहेत. पण त्याने पद साडेतीन वर्षांच्या आसपास राखले, बचाव सहा केले, आणि ज्या वॉलकॉटकडून ते घेतले तो तेव्हा ३८ वर्षांचा होता. समोर आलेल्याशी तो लढला, त्यात त्याचा दोष नाही. १९७० मध्ये संगणकाच्या आधारे अली-मार्सियानो अशी काल्पनिक लढत चित्रपटगृहांत दाखवली गेली, तेव्हा अमेरिकेत मार्सियानो तेराव्या फेरीत जिंकला आणि युरोपात दाखवलेल्या प्रतीत अली जिंकला, एवढ्यावरून आकड्यांच्या न्यायाची किंमत कळावी.

सद्गृहस्थांचा शेवटचा मुद्दा असा की मार्सियानोने लुईसला आठव्या फेरीत हरवले, म्हणून तो लुईसपेक्षा थोर. ही लढत ऑक्टोबर १९५१ ची आहे. लुईस ३७ वर्षांचा होता, निवृत्तीनंतर कर्जापायी परत आला होता आणि जगज्जेता राहिलेला नव्हता. हाच न्याय लावायचा तर डिसेंबर १९८१ मध्ये ३९ वर्षांच्या अलीला गुणांवर हरवणाऱ्या ट्रेव्हर बर्बिकला अलीच्या वर बसवावे लागेल, आणि त्या बर्बिकला टायसनने १९८६ मध्ये दुसऱ्याच फेरीत लोळवले होते.

आपला नम्र,
एक जुना वाचक, शहापूर, बेळगाव