शैले, आधी एकदाणीचं सांगते

नागपूर, १४ सप्टेंबर

प्रिय शैले,

काकूंची एकदाणी, ती सोन्याची माळ, सुखरूप आहे. पहिल्याच ओळीत लिहून टाकते, नाहीतर पुढचं वाचताना तुझा जीव तिथेच अडकून राहील. ओजसही ठीक आहे. कॉलरबोन मोडलंय, हात गळ्यात आहे, डोक्याच्या सीटी स्कॅनमध्ये काही निघालं नाही. माझं बीपी गोळीवर बरं, यांची शुगर तशीच.

सात महिने तुला फोन केला नाही. तू म्हणाली होतीस, "माधवी, अठरा होईपर्यंत पोराच्या हाती किल्ली देऊ नको." आणि मी म्हणाले होते, "प्रत्येक पोरगा बंडू नसतो." तू काहीच न बोलता फोन ठेवलास. माझ्या तोंडून ते कसं निघालं मला माहीत नाही, पण निघालं आणि तुलाच लागलं. फोनवर माफी मागायला जीभ उचलेना, म्हणून लिहायला बसले.

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी सकाळी पुरण शिजत होतं. सोळा भाज्या चिरून झाल्या होत्या, आंबील झाली होती, आणि कमळं नव्हती. हे अंघोळीला गेले होते. मी स्वयंपाकघराच्या दाराशेजारच्या खुंटीवरची स्कूटीची किल्ली काढली, टेकडीच्या गणपतीचं किचेन असलेली तीच, आणि ओजसच्या हातात दिली. म्हटलं, "बर्डीच्या फूलबाजारात जाऊन ये पटकन, सहा वाजलेत, रस्ता मोकळा असेल." मी दिली, शैले. त्यानं मागितली नव्हती.

येताना आठ रस्ता चौकात पडला. कमळांची पिशवी हँडलला अडकवली होती. वळताना ती पुढे सरकली आणि हँडल पुरतं वळेना. समोरून पेपरवाले काका सायकलवर येत होते. ओजसच्या डोक्यावर हेल्मेट होतं पण पट्टा लावलेला नव्हता, ते घरंगळत नालीपर्यंत गेलं. मी पोचले तेव्हा ओल्या रस्त्यावर पेपर पसरले होते, त्यांच्यावर कमळं पडली होती, आणि काका रस्त्यालाच टेकून बसून म्हणत होते, "पोराला पाहा आधी." त्यांचं मांडीचं हाड मोडलं होतं.

आता ज्या गोष्टीनं झोप उडाली आहे ती सांगते. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९९अ आलंय. अठराच्या आतल्या मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. ३ वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द, आणि मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स नाही. सोळा वर्षांच्या मुलाला बिनगिअरची ५० सीसीपर्यंतची गाडी लायसन्स काढून चालवता येते, पण तेवढी लहान गाडी आता मिळते कुठे? आमची स्कूटी तशी नव्हतीच, आणि त्याच्याकडे शिकाऊ लायसन्सही नव्हतं. गाडी माझ्या नावावर आहे.

पण त्या कलमात एक फट आहे. आपल्या नकळत मुलानं गाडी नेली हे सिद्ध करता आलं तर पालक सुटतो. भाऊजींनी दवाखान्याच्या जिन्यावर मला बाजूला घेतलं. "वहिनी, विचारलं तर सांगून टाका, पोरानं न विचारता किल्ली नेली. त्याला काही होत नाही, लहान आहे." शैले, तेव्हा तुझे बाबा डोळ्यापुढे उभे राहिले. बंडूच्या वेळी त्यांनी जबाबात काय लिहून दिलं ते तुला आणि मला माहीत आहे, आणि पुढची अकरा वर्षं काकू त्यांच्या ताटात वाढून, न बोलता आत निघून जायच्या, तेही माहीत आहे. दुसऱ्या कोणाला हे समजावून सांगता येत नाही. यांनासुद्धा नाही.

आपण सायकलवरून डबलसीट पडलो होतो तेव्हा तू घरी म्हशीचं नाव घेतलं होतंस. ती म्हैस आडवी आली असं काकूंनी शेवटपर्यंत खरं मानलं! धरमपेठेत त्या सकाळी एकही म्हैस नव्हती, हे तू आतातरी कबूल कर.

जबाब लिहिताना साहेबांनी विचारलं, "किल्ली कोणी दिली?" मी म्हणाले, "मी." ओजस शेजारीच होता. त्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी जपून ठेवणार आहे. केस चालेल, वकील पाहिले आहेत. रात्री मात्र छातीत धडधडतं.

विम्याचंही ऐक. थर्ड पार्टी विमा मी चुकवला नव्हता. वकील म्हणाले, चालवणाऱ्याकडे लायसन्स नसलं की आपल्या गाडीचं नुकसान मिळत नाही. काकांना कंपनी कदाचित भरपाई देईल, पण तीच रक्कम नंतर मालकाकडून, म्हणजे माझ्याकडून, वसूल करू शकते. काकांनी ऑपरेशनसाठी तोवर थांबायचं का? इतवारीत सराफ्यात जाऊन माझ्या पाटल्या मोडल्या. काकांची बायको एवढंच म्हणाली, "तुमचं पोरगं वाचलं ना बाई?" ओजस रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जातो. सायकल दुरुस्त करून दिली.

आता एकदाणी. तू सांगितल्याप्रमाणे दरवर्षी थोरल्या महालक्ष्मीला घालते. त्या सकाळी आम्ही दोघं धावत निघालो आणि दार लावलंच नाही. ओढूनही घेतलं नव्हतं. दुपारी एकला परत आले तर दार सताड उघडं, समई विझलेली, पंख्याच्या वाऱ्यानं थोरलीचा पदर हलत होता आणि गळ्यात काकूंची एकदाणी तशीच. मी तिथेच बसून रडले.

नंतर विमावाल्याला विचारलं. घरकर्जासोबत काढलेली पॉलिसी आहे, तिच्यात दागिने येत असतील असं मी धरून चालले होते. येत नाहीत, ते वेगळे सांगून घ्यावे लागतात. भारत गृह रक्षा म्हणून जी पॉलिसी २०२१ पासून सगळीकडे आहे, तिच्यात मौल्यवान वस्तूंची एकूण रक्कम ५ लाखांपर्यंत आणि एकेक वस्तू १ लाखापर्यंत असेल तर मूल्यांकनाचा दाखला लागत नाही. काकूंची एकदाणी अडीच तोळ्यांची, ती कधीच त्याच्या वर गेली. शिवाय त्या पॉलिसीत चोरी धरतात ती आग, पूर असं काही घडल्यावर ७ दिवसांत झालेली. एरवीच्या घरफोडीचा विमा निराळा, आणि त्यात कुलूप तोडल्याची खूण लागते. मी तर दारच उघडं टाकलं होतं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पुरात मंगलाच्या अंबाझरी लेआउटच्या घरात फ्रिज तरंगला, तेव्हा हिच्याकडे फक्त भिंतींचा विमा कसा, म्हणून मी हळहळले होते. स्वतःची पॉलिसी उघडून पाहिली नाही. लॉकरचंही तसंच: तिथे चोरी झाली, आग लागली तर बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या १०० पट, बस्स.

विमावाल्यानं विचारलं, "पावती कोणाच्या नावाची?" मला उत्तर देता आलं नाही.

ओजसला मी रागावले नाही. त्यानंच एका रात्री विचारलं, "आई, तू पण सकाळी माटे चौकात सिग्नल तोडतेस ना?" तोडत होते, शैले. सात वर्षं तो माझ्या मागे बसून पाहत होता. आता मी थांबते, रस्ता रिकामा असला तरी. पट्टा लावते, पिशवी डिक्कीत ठेवते, आणि मागे बसून तो पाहतो. क्लासला तो मेट्रोनं जातो.

तुझ्याकडचं काय? अनुजाची परीक्षा झाली का, आणि तुमच्या ओट्याचं काम? मावशींच्या गुडघ्यांचं कळव. वहिनीचं पुन्हा काही नाही ना?

काकूंच्या कपाटात एकदाणीची पावती सापडते का पाहा. नसेल तर मी सराफाकडून वजन आणि किंमत लिहून घेते, पण नाव तुझंच लागेल, आणि विमा तूच काढ. दसऱ्याला ये. एकदाणी तुझ्या हातात देईन, पोस्टानं पाठवणार नाही. आणि बंडूचं ओजसला तू सांग. त्यानं फोटो पाहून विचारलं होतं, हा कोण. मी नाव सांगितलं, त्यापुढे गेले नाही.

तुझी,
माधवी