सईला पत्र: संत्र्याच्या पेट्या आणि फोनमधल्या नव्या सोयी

धरमपेठ, नागपूर

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

अंबिया बहराची संत्री उतरायला लागली आहेत, आणि पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये थेट पेट्या विकायचा तुझा बेत आम्हा सगळ्यांना मनापासून आवडला. व्हॉट्सअ‍ॅप चॅनेल, इन्स्टाग्रामच्या ट्रायल रील, एआयचे फोटो, थ्रेड्स, यातलं काय काय वापरून बघू, असं तू विचारलंस. बेटा, सगळंच बघ. फक्त कुठलीही सोय सुरू करण्याआधी ती बंद कशी होते ते शोधून ठेव, आणि गिऱ्हाइकांची यादी कुठल्याच अ‍ॅपच्या भरवशावर सोडू नकोस.

थ्रेड्सचंच बघ, इन्स्टाग्रामवाल्यांचं ते ट्विटरसारखं लिहायचं ठिकाण. जुलै २०२३ मध्ये ते आलं तेव्हा तिथलं प्रोफाइल काढून टाकायचं तर इन्स्टाग्रामचं खातंही जायचं. दोन्ही वेगळं करायची सोय नोव्हेंबरमध्ये मिळाली. मधल्या काळात हौसेनं गेलेल्यांना परत फिरता येत नव्हतं. दुसरी तऱ्हा म्हणजे सोयच बंद होते. ट्विटरचं ‘फ्लीट्स’, म्हणजे एका दिवसात पुसल्या जाणाऱ्या पोस्ट, नोव्हेंबर २०२० मध्ये सगळीकडे सुरू झालं आणि ऑगस्ट २०२१ मध्ये गुंडाळलं गेलं. ट्विटरसारखंच आपल्याकडचं ‘कू’ जुलै २०२४ मध्ये बंद पडलं. गूगलवरच्या दुकानांच्या पानावर गिऱ्हाइकाशी चॅट करायची सोय होती, तीही त्याच महिन्यात गेली. म्हणून नाव, फोन, सोसायटी, किती पेट्या आणि पैसे आले का, एवढं तुझ्या स्वतःच्या एका शीटमध्ये रोज रात्री उतरवून ठेव.

सुरुवात नंबरापासून कर. तुझा घरगुती नंबर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर नेऊ नकोस. एक नंबर एका वेळी साध्या व्हॉट्सअ‍ॅपवर तरी चालतो किंवा बिझनेसवर तरी. बिझनेसवर जाताना जुने चॅट सोबत येतात, परत येताना मात्र तितकं सोपं नसतं. दुसरं सिम घे आणि हंगाम संपल्यावरही त्याचं रिचार्ज चालू ठेव. ९० दिवस न वापरलेला प्रीपेड नंबर कंपनी बंद करू शकते आणि पुढे तो दुसऱ्याला मिळतो. नंबर सुरू केल्याबरोबर सेटिंग्ज, अकाउंट, टू-स्टेप व्हेरिफिकेशन असं जाऊन सहा आकडी पिन लाव आणि ईमेलही दे. पिन विसरलीस तर तोच ईमेल कामी येईल.

लिंक्ड डिव्हाइसेसमध्ये मुख्य फोनाशिवाय चार उपकरणं जोडता येतात. दादा इथून ऑर्डरी बघेल, त्याचा लॅपटॉप जोडून दे. तुझा फोन १४ दिवस वापरला गेला नाही तर जोडलेली उपकरणं आपोआप बाहेर पडतात, हे त्याला सांग, म्हणजे तो घाबरणार नाही. याच सोयीचा गैरवापरही होतो. क्यूआरऐवजी फोन नंबर टाकून उपकरण जोडता येतं आणि त्यासाठी आठ अक्षरांचा कोड लागतो. ओळखीच्याच नंबरावरून ‘स्पर्धेत मत दे, हा कोड टाक’ असा निरोप येतो. तो कोड टाकला की तुझे चॅट भामट्याच्या स्क्रीनवर. आठवड्यातून एकदा ती यादी उघड, अनोळखी उपकरण दिसलं की लगेच लॉग आउट कर.

आता निरोप कसे पाठवायचे. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुझा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो निरोप पोचतो. बाकीच्यांच्या बाबतीत तुझ्याकडे एकच टिक दिसत राहते आणि आपण म्हणतो, त्यांचं नेट खराब असेल. म्हणून पहिल्या ऑर्डरीलाच ‘हा नंबर सेव्ह करा, पुढची गाडी कधी येते ते कळवीन’ एवढं लिही. ग्रुप केलास तर प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो. सोसायटीतल्या बायकांना ते आवडत नाही, आणि त्यांचं बरोबरच आहे. चॅनेलमध्ये एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. मात्र तो एकतर्फी असतो, त्यातला मजकूर खासगी चॅटसारखा कुलूपबंद नसतो, आणि सर्व्हरवर तो साधारण ३० दिवसच राहतो. तेव्हा भाव आणि गाडीची तारीख चॅनेलवर, पत्ता आणि पैशाचं बोलणं थेट चॅटमध्ये. एका क्लिकवर हजारोंना निरोप पाठवतो म्हणणारी बाहेरची सॉफ्टवेअरं आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या नकली आवृत्त्या, दोन्हींना हात लावू नकोस. नंबर कायमचा बंद होऊ शकतो, तोही ऐन हंगामात.

एखादी सोय दादाच्या फोनमध्ये दिसते आणि तुझ्या फोनमध्ये नाही, असंही होईल. कंपन्या नवी गोष्ट थोड्या थोड्या खात्यांना उघडतात, अ‍ॅपची आवृत्ती तीच असली तरी. अशा वेळी एकदा अपडेट करून बघ. तरी नाही दिसली तर थांब. ‘लगेच चालू करून देतो’ म्हणणाऱ्या लिंका फसव्या असतात.

रीलवर मात्र थोडी मेहनत घे, कारण संत्रं दाखवण्यासारखं फळ आहे. काटोलच्या बागेत दादा शूट करेल. फोन उभा, आकार १०८० बाय १९२०. अक्षरं मधल्या भागात ठेव, कारण खाली मजकूर येतो आणि उजवीकडे बटणं. जानेवारी २०२५ पासून इन्स्टाग्राम प्रोफाइलवरचे चौकोन उभे झालेत, तरी रीलच्या मुखचित्राचा वरचा-खालचा भाग तिथे कापला जातोच, म्हणून नाव मधोमध हवं. दादाला सांग, शूट सुरू करण्याआधी फळावर बोट दाबून धरायचं, म्हणजे फोकस आणि उजेड तिथेच अडकतो. नाहीतर हात हलला की फोन उजेड बदलतो आणि एकाच पेटीतली फळं प्रत्येक तुकड्यात निराळी दिसतात. पहिल्या तीन सेकंदांत देठाकडून साल सुटताना दिसू दे. आपल्या संत्र्याची साल सैल असते, ती अलगद निघते, हेच बघणाऱ्याला उत्तरेकडच्या किन्नू संत्र्यापासून वेगळं कळतं.

रंगाशी खेळू नकोस. रात्री गार व्हायच्या आधी उतरलेलं अंबियाचं फळ आतून गोड झालेलं असतं, पण सालीवर हिरवट झाक राहते. फिल्टर लावून ते केशरी केलंस तर पेटी उघडल्यावर गिऱ्हाईक म्हणेल, कच्चं पाठवलं. उलट कॅप्शनमध्येच लिही की साल हिरवट असेल, आणि कापलेलं फळ दाखव. एआयने पार्श्वभूमी बदलून घेतलेला फोटोही मला याच कारणासाठी नको वाटतो. त्या साधनांना संत्रं सांगितलं की ती बहुतेकदा गुळगुळीत, घट्ट सालीचं, चकचकीत फळ काढतात. देठाजवळचा उंचवटा नसतो, पानं भलतीच असतात. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, त्या नावाखाली दुसरंच फळ दाखवायचं नाही. एआयचा वापर मजकूर नीट करायला, भाषांतराला, दहा शीर्षकं सुचवायला कर. भाव, वजन, तारीख तू स्वतः टाक आणि परत वाच. गिऱ्हाइकांची यादी तिथे चिकटवू नकोस. चॅटजीपीटीत सेटिंग्जमध्ये डेटा कंट्रोल्स उघडून मॉडेल सुधारण्यासाठी माहिती देण्याचं बटण आधी बंद कर.

ट्रायल रील ही सोय मला खरंच उपयोगाची वाटते. प्रोफेशनल खातं असेल आणि ती तुला उघडलेली असेल तर शेअर करतानाच ‘ट्रायल’चं बटण दिसतं. अशी रील आधी फॉलो न करणाऱ्यांनाच दाखवली जाते. साधारण २४ तासांत आकडे हाती येतात. ७२ तासांत चांगली चालली तर सगळ्यांना आपोआप दाखवायची, असाही पर्याय असतो. तो बंद ठेव, निर्णय तू घे. एका वेळी एकच गोष्ट बदल. तेच शूट, तेच कॅप्शन, फक्त सुरुवात वेगळी: एकीत साल सोलणं, दुसरीत पेटी भरणं. दोन गोष्टी एकदम बदलल्यास तर कशामुळे चाललं ते कधीच कळणार नाही. लाइक मोजत बसू नकोस. लोक किती सेकंद थांबले आणि किती जणांनी ती रील दुसऱ्याला पाठवली, ते बघ. इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनीही जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं होतं की नव्या लोकांपर्यंत पोचताना या ‘पाठवण्या’ला वजन असतं. त्याहून मोठा आकडा तुझ्या शीटमध्ये आहे: त्या दिवशी पुण्याच्या किती पेट्या नोंदल्या गेल्या. नागपुरातल्या पाच हजार लोकांनी बघितलेली रील तुझ्या काय कामाची?

पासवर्डासोबत इन्स्टाग्रामला लॉगिनचा कोड देणारं ऑथेंटिकेटर अ‍ॅप जोड आणि बॅकअप कोड कागदावर लिहून ठेव. ‘कॉपीराइटचा भंग, २४ तासांत खातं बंद’ असा निरोप आला तर लिंक उघडू नकोस. इन्स्टाग्रामच्या सेटिंग्जमधल्या अकाउंट्स सेंटरमध्ये पासवर्ड अँड सिक्युरिटीखाली कंपनीने पाठवलेले अलीकडचे ईमेल दिसतात. तिथे तो नसला तर तो खोटा. पैसे गेलेच तर लाजत बसायचं नाही, ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा. पैसे आल्याचा स्क्रीनशॉटही पुरावा धरू नकोस, बँकेत जमा दिसल्यावरच पेटी दे.

महिन्यातून एकदा अकाउंट्स सेंटरमधूनच माहिती डाउनलोड करायची मागणी टाक. फाइल तयार झाल्याचा ईमेल आला की ती लगेच उतरवून घे, कारण ती लिंक चारच दिवस चालते.

ऑर्डरीसाठी गूगल फॉर्म चांगला, पण दोन ठिकाणी नक्की फसतो. ‘एकदाच उत्तर’ ही अट किंवा फोटो जोडायचा प्रश्न ठेवलास की तो लॉगिन मागतो आणि अर्धे लोक तिथूनच परत जातात. आणि फॉर्मच्या सेटिंग्जमधल्या ‘प्रेझेंटेशन’ भागात उत्तरांचा सारांश दाखवायचं बटण चालू राहिलं तर एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसतो. दोन्ही बंद कर. मोबाइल नंबर दहा आकडीच हवा अशी अट त्या प्रश्नाला लावता येते, ती लाव. शीटची लिंक ‘ज्याच्याकडे लिंक त्याला उघडी’ अशी कधीच ठेवू नकोस, दादाचा ईमेल टाकून त्यालाच दे.

फॉर्म तयार झाला की सोसायटीत टाकण्याआधी लिंक मला पाठव. मी लॉगिन नसलेल्या ब्राउझरमध्ये उघडून एक खोटी ऑर्डर भरते. ती शीटमध्ये नीट उतरली की मला कळव, मग बाबा कळमन्याच्या बाजारात गाडीचं बोलतील.

तुझी,
आई