पान उलटून पाहायला शिकवणाऱ्या अण्णांना

आदरणीय अण्णा,

सादर नमस्कार.

आपल्या आणि आमच्या घरात एका कुंपणाचेच अंतर असल्यामुळे हे पत्र मला हातोहात देता आले असते. पण गेल्या मार्गशीर्षात पहिल्या चांगल्या तोडणीतली वांगी घेऊन मी आपल्याकडे आले, तेव्हा आपण वांगी ठेवून घेतलीत, सोबत आणलेले पाकीट मात्र परत केलेत आणि म्हणालात, "आभार मानायचेच असतील तर जे कळले ते आणखी चार जणांना सांगा." त्या चार जणांसाठी म्हणून हे पत्र मी उघडे ठेवत आहे आणि त्यात माझ्या चुकाही लिहीत आहे, कारण त्या वगळल्या तर परसबागेतल्या पांढऱ्या माशीशी झगडताना आपण नेमकी काय मदत केलीत हे वाचणाऱ्याला कळणारच नाही.

आमची परसबाग जेमतेम अर्ध्या गुंठ्याची आहे. गेल्या वर्षी गणपतीच्या आठवड्यात तिच्यात चाळीसेक भेंडीची झाडे, दहा वांगी, बारा मिरच्या, थोडे टोमॅटो आणि मांडवावर एक दोडका असा संसार होता. पावसाने उघडीप दिली, ऊन तापू लागले आणि एके सकाळी वांग्याच्या झाडाला हात लागताच चाळणीतून पीठ उडावे तसा पांढरा भुगा उडाला आणि क्षणात पुन्हा पानांखाली जाऊन बसला. त्याच सुमारास भेंडीची काही पाने पिवळी पडली होती. सांगलीत राहून हळदीचे अप्रूप कसले, पण ती पाने खरोखरच हळद लावल्यासारखी दिसत होती. खत कमी पडले असेल अशा समजुतीने मी त्यांना आधी थोडा युरिया आणि मग सूक्ष्म अन्नद्रव्यांची पुडी दिली. त्याने पालवी लुसलुशीत झाली आणि भुगा दुप्पट झाला. कोवळी, नत्राने माजलेली पालवी हे या किडीचे आवडते खाद्य असते, हे मला आपल्याकडून पुढे कळायचे होते.

त्यानंतर मी एका दुकानातून दोन कीटकनाशकांचे मिश्रण असलेली बाटली आणली आणि आठ दिवसांत दोनदा फवारली. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी झाडे स्वच्छ दिसली आणि पाचव्या-सहाव्या दिवशी माशी पहिल्यापेक्षा जास्त झाली. तिसऱ्या फवारणीसाठी पंप भरत असताना कुंपणापलीकडून आपण हाक मारलीत. आपण रागावला नाहीत, उपदेशही केला नाहीत. फक्त बाटली मागितलीत, तिच्यावरचा पिवळा त्रिकोण दाखवलात आणि विचारलेत, "भेंडी दिवसाआड तोडता ना? मग फवारणीनंतर थांबायचे दिवस कधी पाळणार?" लाल त्रिकोणाखालोखाल पिवळा त्रिकोण जास्त विषारीपणा दाखवतो आणि त्यानंतर निळा व हिरवा येतो, हे मला ठाऊक नव्हते. फवारल्यानंतर तिसऱ्या दिवशी तोडलेली भेंडी मी नातवाच्या डब्यात दिली होती. आपण पुढे काहीच बोलला नाहीत, पण तो पंप मी तिथेच रिकामा करायला निघाले, तर आपण थांबवलेत. उरलेले औषध नालीत किंवा मातीत कुठेही ओतायचे नसते आणि बाटली पुन्हा कशालाही वापरायची नसते, इथून आपला पहिला पाठ सुरू झाला.

दुसरा पाठ भिंगाचा होता. आपण वांग्याचे खालचे एक जून पान खुडून उलटे केलेत आणि भिंग माझ्या हातात दिलेत. तिथे उडणारे काहीच नव्हते. पानाला चिकटलेले चपटे, फिकट पिवळसर, खवल्यासारखे ठिपके होते आणि ते एकाच जागी बसून रस पीत होते. ज्या पांढऱ्या भुग्यावर मी औषध मारत होते तो या किडीच्या कुटुंबातला फक्त उडता भाग होता. ही नावाने माशी असली तरी घरमाशीच्या जातीची नाही, मावा, तुडतुडे आणि पिठ्या ढेकूण यांच्या गोतावळ्यातली रसशोषक कीड आहे. प्रौढ जेमतेम एक मिलिमीटरचा, अंगावर मेणकट पांढरी भुकटी असलेला. मादी अंडी घालते ती पानाच्या खालच्या बाजूला, बारीक देठाने पानात रोवून. अंड्यातून निघालेले पिल्लू थोडा वेळ रांगते आणि जागा सापडली की प्रौढ होईपर्यंत तिथून हलत नाही. उबदार हवेत हे सगळे चक्र साधारण तीन आठवड्यांत पूर्ण होते. मी मात्र वरून फवारत होते. पानाच्या वरच्या बाजूला औषध, खालच्या बाजूला कीड, आणि मध्ये मेले ते ढालकिडे आणि क्रायसोपा या मित्रकीटकाच्या अळ्या, म्हणजे ही कीड खाऊन ज्यांनी माझे काम फुकटात केले असते ते. २०१५ साली पंजाबात कपाशीवर हीच माशी तुटून पडली तेव्हा फवारण्यांमागून फवारण्या करूनही पीक हातचे गेले, हे आपण सांगितलेत, तेव्हा अर्ध्या गुंठ्यातल्या माझ्या दोन फवारण्यांचा हिशेब मला लागला.

आपण कागल भागात नोकरी केलीत, तंबाखूची शेते पाहिलीत, म्हणून या किडीच्या नावाची गोष्टही आपल्याकडूनच ऐकली. बेमिसिया टॅबासी या नावातला टॅबासी म्हणजे तंबाखू, कारण १८८९ साली तिचे पहिले वर्णन झाले ते ग्रीसमधल्या तंबाखूवर सापडलेल्या नमुन्यांवरून. खरे तर ती सहाशेहून अधिक वनस्पतींवर जगते. म्हणूनच आपण माझ्या वांग्यांकडे बघण्याआधी कुंपणालगतची पेठारी आणि गाजरगवत उपटायला लावलेत, आणि मला फार प्रिय असलेल्या जास्वंदीचीही पाने उलटून पाहिलीत.

भेंडीचा निकाल सर्वांत कठीण होता. आपण दोन पाने शेजारी धरून दाखवलीत. लोहाची कमतरता असते तेव्हा शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो. इथे उलट होते, शिरांचे जाळे पिवळेधमक आणि मधला भाग हिरवा. म्हणजे केवडा रोग, म्हणजे विषाणू, आणि तो एका झाडातून दुसऱ्यात नेणारी हीच माशी. रोगट झाडाचा रस प्यायलेली माशी पुढे निरोगी झाडांनाही लागण करत राहते, आणि लागण झालेल्या झाडाला बरे करणारे औषध नाही. नऊ झाडे उपटावी लागली. त्यातल्या तीनांना फुले होती, आणि मी "आठ दिवस बघू या का?" असे विचारले, तेव्हा आपण फक्त उरलेल्या एकतीस झाडांकडे बोट दाखवलेत. झाडे कशी उपटायची हेही मला माहीत नव्हते: पहाटेच्या गारव्यात माशी सुस्त असताना, आधी साबणाचे पाणी मारून, अलगद, आणि उपटल्याबरोबर पिशवीत घालून तोंड बांधायचे. मी आधी केले असते तसे भर दुपारी ओढून अंगणात टाकले असते, तर माशी उडून थेट आपल्याच मिरच्यांवर गेली असती.

आता उपायांबद्दल. काकूंनी वाळवून ठेवलेल्या निंबोळ्या मला दिल्या, त्याचे ऋण वेगळेच आहे. पाच टक्के अर्क म्हणजे एक लिटर पाण्याला पन्नास ग्रॅम निंबोळीची भुकटी, रात्रभर भिजवून, सकाळी फडक्यातून पिळून, मऊ फडक्याने पुन्हा गाळून. त्यात पानाला चिकटण्यापुरता साधा साबण. उन्हात या अर्काचा गुण लवकर कमी होतो म्हणून फवारणी संध्याकाळी आणि त्याच दिवशी तयार केलेल्या अर्काची. नोझल वर वळवून, वाकून, पानांच्या खालून. कंबर दुखते, पण दुसरा मार्ग नाही. एका फवारणीने भागत नाही, कारण अंडी आणि कोशासारखी शेवटची अवस्था त्यातून बऱ्याच अंशी निसटते. म्हणून सहा-सात दिवसांच्या अंतराने चार फवारण्या, म्हणजे साधारण एक पूर्ण चक्र. दुसऱ्या वेळी साबण संपला म्हणून मी कपडे धुण्याची पावडर वापरली आणि दोडक्याच्या पानांच्या कडा करपल्या. हे मी आपल्याला तेव्हा सांगितले नव्हते; आपल्याला ते कुंपणावरून दिसलेच असणार.

तेलाच्या जुन्या डब्याचे पत्रे पिवळे रंगवून, एरंडेल चोपडून पिकाच्या शेंड्याच्या उंचीवर लावलेले सापळे पाहून शेजारपाजारचे लोक फार प्रभावित झाले. आपण मात्र पहिल्याच दिवशी बजावले होते की हे सापळे किडीचा अंदाज घेण्यासाठी आहेत, ती संपवण्यासाठी नाहीत, कारण पिल्ले पान सोडून सापळ्याकडे येत नाहीत. माझ्या मते त्यांचा उपयोग याहूनही मर्यादित आहे. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्यावर माशीइतकेच इतर बारीक कीटक चिकटलेले दिसले आणि मी चारांपैकी तीन काढून टाकले. यावर आपण "हं" एवढेच म्हणालात, त्याचा अर्थ मी संमती असा घेतला आहे.

खरा उपयोग झाला तो मोजणीचा. दर रविवारी सकाळी दहा झाडे, प्रत्येकाचे वरचे, मधले आणि खालचे असे एकेक पान, न हलवता उलटून मोजायचे आणि वहीत लिहायचे. पहिल्या रविवारी पानामागे सरासरी एकवीस माश्या होत्या, तिसऱ्या रविवारी चौदा, सहाव्या रविवारी तीन. मध्यंतरी चौथ्या रविवारी आकडा पुन्हा सोळावर गेला, तेव्हा मी घाबरून दुकानाकडे निघाले होते. वही पाहून आपण सांगितलेत की खालच्या पानांवरची पिल्ले कमी झाली आहेत, हे प्रौढ बाहेरून आले आहेत, थांबा. थांबले, आणि पाचव्या रविवारी आपले म्हणणे खरे ठरल्याचे वहीत दिसले. आकडा लिहिलेला नसता तर मी पुन्हा विष विकत आणले असते, याबद्दल मला अजिबात शंका नाही.

वांग्यांच्या पानांवरची काळी बुरशी मी वेगळा रोग समजत होते. माशी गाळते त्या मधासारख्या चिकट पदार्थावर ती वाढते आणि त्याच गोडव्यासाठी मुंग्या येऊन मित्रकीटकांना हुसकावतात, हे आपण दाखवल्यावर मी पाने पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुतली आणि मुंग्यांच्या वाटा मोडल्या. ताक, हळद, लसूण, राख असे सल्ले मला रोज मिळत होते. आपण त्यांना हसला नाहीत, एकेका झाडावर करून बघा म्हणालात. ताकाने काही झाले नाही. राखेने माझे हात तेवढे काळे झाले.

मिरचीबाबत माझी समजूत सर्वांत चुकीची होती. पान आकसले की बोकड्या (पाने आकसण्याचा रोग), आणि बोकड्या म्हणजे माशी, असे मी धरून चालले होते. पाने वरच्या बाजूला वळली असतील तर फुलकिडे बघा, खाली वळली असतील तर कोळी ही रस शोषणारी बारीक कीड बघा, आणि पाने बारीक होऊन झाडच खुजे राहिले असेल तर विषाणूचा संशय घ्या, हे आपले सांगणे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे. बारापैकी सात मिरच्यांवर फुलकिडे निघाले. म्हणजे तिथे मी माशीवर फवारले असते आणि ते तसेच राहिले असते.

यंदा आपल्या सांगण्यावरून सुरुवातच वेगळी केली. भेंडीत अर्का अनामिका लावली. थोडी परभणी क्रांतीही लावली, मराठवाड्याच्या विद्यापीठाची म्हणून माझ्या माहेरच्या प्रेमापोटी. दोन्ही वाण केवड्याला तोंड देण्यासाठीच तयार केलेले असले तरी ही सहनशक्ती कायमची नसते, हे आपण आधीच बजावले होते, आणि परभणी क्रांतीची दोन झाडे काढावी लागली. टोमॅटोत अर्का रक्षक आणला. रोपे जाळीखाली वाढवायची म्हटल्यावर मी काटकसर करून घरातली जुनी मच्छरदाणी ताणली, आणि दहा दिवसांत रोपांवर माशी सापडली. डासाला अडवणारी जाळी माशीला दारासारखी मोकळी असते. मग चाळीस मेशची, म्हणजे एका इंचात चाळीस छिद्रे असलेली, नायलॉन जाळी आणली आणि रोपे महिनाभर तिच्याखाली ठेवली. परसाच्या पश्चिमेला, वारा येतो त्या बाजूला, मक्याच्या दोन ओळी आधीच उभ्या केल्या होत्या. निंबोळ्या या वर्षी देवळाजवळच्या झाडाखालून मीच वेचल्या. अडीच किलो भरल्या, त्यातल्या अर्ध्या वाळवून काकूंसाठी बाजूला ठेवल्या आहेत.

काल रविवार होता. पानामागे सरासरी दोन माश्या आहेत आणि या हंगामात कोणतीही बाटली घरात आलेली नाही.

आपले भिंग अजून माझ्याकडेच आहे आणि ते आणून देण्यासाठी मी दोनदा घरातून निघालेही होते. परंतु परवा वांग्याच्या खालच्या पानांवर चिकटलेली काही पिल्ले मला काळपट पडलेली दिसली. त्यांच्या अंगात परोपजीवी गांधीलमाशीने अंडी घातली आहेत की ती नुसतीच मेली आहेत, हे मला एकटीला ठरवता येईना, म्हणून ते पान न धुता तसेच ठेवले आहे. तेव्हा भिंग घ्यायला आपणच यावे, आणि शक्यतो उजेड असताना यावे. काकूंनाही घेऊन या.

आपली नम्र,
कुंपणाअलीकडची शेजारीण
सांगली