सूचना : रविवारी सकाळी तरणतलाव बंद

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी सकाळी ६ ते ११ सोसायटीचा तरणतलाव बंद राहील. पाण्याचा पीएच (आम्लतेचे माप) आणि क्लोरीन सांभाळणाऱ्या कंट्रोलरचे प्रोब (मोजणारे सेन्सर) धुऊन त्यांचे कॅलिब्रेशन करायचे आहे, म्हणजे त्यांचा आकडा तपासून बरोबर जुळवायचा आहे. प्रोबवर थर साचला की आकडा चुकतो आणि डोसिंग पंप नको तितके ॲसिड किंवा हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे क्लोरीनचे द्रावण) सोडतो, म्हणून हे काम पुढे ढकलता येणार नाही.

– पंपरूमकडे कोणीही जाऊ नये. मुलांना तर मुळीच सोडू नका. ॲसिड आणि हायपो एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो.
– काम झाल्यावर टेस्ट किटनेही पाणी तपासू. पीएच ७.२ ते ७.८ च्या दरम्यान आल्याचे फलकावर लिहीपर्यंत पाण्यात उतरू नये.
– एरवीही आधी शॉवर घ्या. घाम, तेलामुळे क्लोरीन लवकर संपतो.

व्यवस्थापन समिती